स्थानिक चलन : आधी वही, मग नोट

पेण व रोहा तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर

पेण-रोह्याच्या टापूत आपले स्वतःचे चलन काढता येईल काय, हा प्रश्न आता कार्यकर्त्यांच्या बैठकांतून उघडपणे विचारला जाऊ लागला आहे. प्रश्न विचारणारे भाबडे नाहीत. आयुष्याची बचत एका सहकारी बँकेत अडकून पडलेली त्यांनी पाहिली आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका रात्रीत घरातील नोटांचे मोल नाहीसे झालेले त्यांनी अनुभवले आहे. गावचा पैसा गावात न थांबता मुंबईच्या वाटेला लागतो, हे ते रोज पाहतात. अशा माणसांच्या मनात हा प्रश्न यावा यात नवल नाही, आणि तो हसण्यावारी नेणे हा पुस्तकी विद्वत्तेचा अहंकार ठरेल. परंतु कागद छापला, गावात फिरवला, की शोषण थांबले, अशी समजूत करून घेणेही समाजवादी विचाराला शोभणारे नाही. चलन म्हणजे माणसामाणसांतील देण्याघेण्याचा संबंध. तो संबंध जसाच्या तसा ठेवून कागदाचा रंग तेवढा बदलला, तर काहीही साधत नाही. म्हणून आजच्या मांडणीचे सूत्र एकच आहे : पर्यायी अर्थव्यवस्थेचा आरंभ नोटेपासून होत नाही, उघड्या हिशेबापासून होतो.

रुपया येतो आणि जातो

प्रथम प्रत्यक्ष स्थिती पाहू. पेण शहर आणि त्याच्या भोवतीची हमरापूर, जोहे, कळवे ही गावे गणेशमूर्तींसाठी महाराष्ट्राबाहेरही ओळखली जातात. या कामात हजारो हात गुंतलेले आहेत. पण शाडूची माती येते गुजरातेतील भावनगरच्या बाजूने, प्लास्टर येते राजस्थानातून, रंग येतात मोठ्या कारखान्यांतून, आणि मूर्ती खपते ती मुख्यतः मोठ्या शहरांच्या बाजारात. कारखान्याचा खर्च वर्षभर चालतो, विक्रीचा पैसा मात्र भाद्रपदाच्या तोंडावर हाती येतो. मधले महिने कर्जावर काढावे लागतात. त्या कर्जाचे व्याज मूर्तीच्या किमतीत दिसत नाही; ते रंगकाम आणि आखणी करणाऱ्यांच्या मजुरीतून निघते. त्यातच प्लास्टरच्या मूर्तींचा प्रश्न. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे आणि मुंबई उच्च न्यायालयाचे २०२५ चे आदेश यांमागे पर्यावरणाची रास्त चिंता आहे. पण पुढच्या हंगामात कोणत्या मूर्तीला गिऱ्हाईक राहील याचा निर्णय कारागिराच्या हाती उरलेला नाही, हेही तितकेच खरे.

रोह्याचे चित्र निराळे, पण निष्कर्ष तोच. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आले. रोजगार काही प्रमाणात मिळाला. नफ्याची मोजदाद मात्र दुसरीकडे झाली, आणि कुंडलिकेच्या दूषित पाण्याची किंमत नदीकाठच्या व खाडीकाठच्या माणसाने मोजली. पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा अवाढव्य कारखाना उभा आहे. म्हणजे या टापूतून वाहणारा रुपया थोडा नाही. तो इथे टिकत नाही, हे खरे दुखणे आहे. हातातल्या फोनवरून आता क्षणात पैसे देता येतात. पैशाच्या जाण्याचा वेग त्यामुळे वाढला, राहण्याचा काळ वाढला नाही.

शेतकऱ्याकडे पाहा. खारपट्ट्यातील लहान शेतकरी सुगीच्या तोंडावर भात विकतो, कारण देणी भागवायची असतात. तोच शेतकरी आषाढ-श्रावणात तांदूळ विकत घेतो. दोन भावांमधले अंतर ज्याच्या गिरणीत आणि गोदामात जिरते, त्याला वेगळे चलन छापावे लागत नाही. त्याच्यापाशी वेळ थांबवून धरण्याची ताकद आहे, आणि अर्थशास्त्रात त्या ताकदीलाच भांडवल म्हणतात.

या साखळीच्या तळाशी कातकरी कुटुंब आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा वीटभट्टीच्या किंवा कोळसाभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली जाते. पाऊस सरला की सारे कुटुंब मुलाबाळांसह भट्टीवर जाते. हंगामाच्या अखेरीस हिशेब होतो आणि पुष्कळदा काही ना काही अंगावर बाकी निघतेच. तो हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. पण ज्या वहीत आपले नाव लिहिलेले आहे ती वही आपल्याला पाहता येत नाही आणि पाहिली तरी वाचता येत नाही, अशा माणसाची वेठ केवळ कायद्याने सुटत नाही. स्थानिक चलनाचा विचार करताना हे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे. ज्या योजनेत त्याला जागा नाही, ती मध्यमवर्गाची हौस होईल, पर्यायी अर्थव्यवस्था होणार नाही.

इतरत्र काय घडले

असे प्रयोग जगात अनेक झाले आहेत. रॉबर्ट ओवेन याने १८३२ साली लंडनमध्ये श्रमविनिमयाचे केंद्र उघडले. वस्तू आणून द्यायची, तिला लागलेल्या श्रमाच्या तासांची चिठ्ठी घ्यायची, आणि त्या चिठ्ठीवर दुसरी वस्तू न्यायची. हेतू उदात्त होता. परंतु लोकांना हव्या असलेल्या वस्तू भराभर उचलल्या गेल्या आणि नको असलेल्या केंद्रातच साचल्या. दोन वर्षांत केंद्र बंद पडले. श्रम केले म्हणून त्या श्रमाच्या फळाची कोणाला गरज असेलच असे नाही, हा धडा ओवेनच्या केंद्राने दिला.

ऑस्ट्रियातील व्योर्गल या सुमारे चार हजार वस्तीच्या गावाने १९३२ साली, जागतिक मंदीच्या ऐन काळात, नगरपालिकेच्या नोटा काढल्या. महापौर मिखाएल उंटरगुगेनबर्गर हे कामगार चळवळीतले गृहस्थ होते. या नोटेवर दरमहा एक टक्का मोलाचे तिकीट चिकटवावे लागे, म्हणून ती घरात दडवून ठेवण्यात तोटा होता. नोटा हातोहात फिरल्या, रस्त्यांची कामे झाली, थकलेले कर जमा झाले. सप्टेंबर १९३३ मध्ये मध्यवर्ती बँकेच्या आग्रहावरून हा प्रयोग बंद करण्यात आला. व्योर्गलची गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. पण त्या नोटांच्या मागे बँकेत तितक्याच रकमेची खरी ठेव होती, आणि नगरपालिका स्वतः त्या नोटा करापोटी स्वीकारत होती, या दोन गोष्टी विसरल्या जातात. नोटेचे मोल तिकिटात नव्हते. ती परत घेण्यास कोणीतरी बांधलेले होते, यात होते.

उलट उदाहरण अर्जेंटिनाचे. तिथे १९९५ पासून विनिमय मंडळे उभी राहिली आणि २००१-०२ च्या आर्थिक संकटात लक्षावधी लोक त्यांच्या चिठ्ठ्यांवर जगू लागले. मंडळे वाढली, चिठ्ठ्या बेसुमार निघाल्या, बनावट चिठ्ठ्या बाजारात आल्या, आणि ज्या वेगाने डोलारा उभा राहिला होता त्याच वेगाने तो कोसळला. केनियात मोंबासा शहरातील एका गरीब वस्तीने २०१३ साली बांगला-पेसा नावाची कुपने काढली. लहान धंदेवाल्यांनी एकमेकांची हमी घेऊन ती चालवली होती. सरकारने संयोजकांना अटक केली, खटला भरला, आणि पुढे तो मागे घ्यावा लागला. या सर्व प्रयोगांचे सार असे, की चलन टिकते ते तीन गोष्टींवर : त्याच्या मागे लोकांना हवा असलेला खरा माल असावा, ते किती काढायचे याला मर्यादा असावी, आणि ते काढणाऱ्याला जाब विचारता यावा.

कायद्याची चौकट

आपल्या देशात या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम ३१ नुसार, धारकास मागताक्षणी पैसे देण्याचे वचन देणारी चिठ्ठी वा हुंडी रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्याखेरीज कोणालाही काढता येत नाही. नाणी पाडण्याचा अधिकारही सरकारचाच. लोकांकडून ठेवी गोळा करणाऱ्या अनियंत्रित योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे याच जिल्ह्याचे सुपुत्र, आणि रोह्याच्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. त्या गावात बसून रिझर्व्ह बँकेच्या कायद्याविषयी अज्ञान दाखवणे बरे दिसणार नाही.

काही उत्साही कार्यकर्त्यांना कायद्याचा हा अडथळा राज्यसंस्थेची दडपशाही वाटतो. तसे मानण्याची घाई करू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाविषयीच्या आपल्या प्रबंधात जो मुद्दा आग्रहाने मांडला, तो असा, की चलनाचे प्रमाण ते काढणाऱ्याच्या मर्जीवर सोपवता कामा नये. कारण चलन बेसुमार वाढले की त्याची झळ गरिबाला आधी लागते. हा मुद्दा ब्रिटिश सरकारला लागू होता, तसाच तो गावच्या चलन समितीलाही लागू आहे. समिती आपल्या माणसांची असली म्हणून तिची मर्जी पवित्र ठरत नाही.

याहून मोठा धोका मजुरीचा आहे. आसामच्या चहाच्या मळ्यांत एके काळी मळेवाले स्वतःची पितळी-तांब्याची टोकने मजुरांना देत आणि ती मळ्याच्या परिसरातच चालत. मजूर त्या मळ्याला जखडला जाई. हेही स्थानिक चलनच होते. म्हणून वेतन प्रदान अधिनियम, १९३६ ने मजुरी चालू चलनातच देण्याचे बंधन घातले आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही ते कायम ठेवले. कामगार चळवळीने मिळवलेला हा हक्क आहे. उद्या एखादा मूर्तीचा कारखानदार किंवा भट्टीमालक मजुरांना सांगेल, तुमच्याच पक्षाने काढलेली कुपने घ्या, रोख कशाला हवी. त्या दिवशी आपण कोणाच्या बाजूला उभे असू, हे आजच ठरवले पाहिजे.

पेणने मोजलेली किंमत

सहकार या शब्दाविषयी पेणमध्ये बोलणे सोपे राहिलेले नाही. पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१० मध्ये निर्बंध घातले, तेव्हा सुमारे दोन लाख ठेवीदारांचे व्यवहार एका दिवसात थांबले. बनावट कर्जखात्यांमधून शेकडो कोटी रुपये बाहेर गेल्याचे तपासात पुढे आले, जमिनी जप्त झाल्या, खटले उभे राहिले. निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, जमीन विकून आलेले पैसे, यांची वर्षानुवर्षे वाट पाहत माणसे म्हातारी झाली. ठेवीदारांनी मोर्चे काढले, न्यायालयांचे उंबरठे झिजवले. ठेवींवरील विम्याची मर्यादा त्या वेळी एक लाखाची होती. ती पाच लाख झाली २०२० साली, आणि निर्बंधानंतर नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली २०२१ साली. पेणच्या ठेवीदाराला या सुधारणा उशिराने झाल्या.

या घटनेचा राजकीय अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ही बँक परदेशी भांडवलाची नव्हती. ती गावची होती, सहकारी होती, सभासदांच्या मालकीची होती. म्हणजे संस्था स्थानिक असणे, मालकी कागदोपत्री सामुदायिक असणे, एवढ्याने लोकांचा पैसा सुरक्षित राहत नाही. सभासद सभेला जात नव्हते. जे जात होते त्यांना ताळेबंद वाचता येत नव्हता. ज्यांना वाचता येत होता त्यांना प्रश्न विचारणे अप्रशस्त वाटत होते. असे वातावरण आपल्या बहुतेक सहकारी संस्थांमध्ये आहे, आणि ज्या कार्यकर्त्याने अशी एखादी वार्षिक सभा पाहिली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. विश्वासाच्या नावाने हिशेब झाकला गेला की विश्वास आणि पैसा दोन्ही जातात. पेणच्या माणसापुढे नव्या चलनाचा प्रस्ताव घेऊन जाताना तो पहिला प्रश्न हाच विचारील : वही कोणाकडे राहणार? या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल तर त्याच्या दारी जाऊ नये.

जुन्या गावाचा मोह नको

पैशावाचून देवघेव ही कोकणाला नवी गोष्ट नाही. आगरी-कोळी स्त्रिया सुकी मासळी देऊन भात घेत आल्या. शेताच्या कामाला सावडीने जाणे, आज तुझ्या शेतात आणि उद्या माझ्या, ही रीत अनेकांच्या स्मरणात आहे. या परंपरेत सहकार्याचे बीज आहे, यात शंका नाही. परंतु त्याच गावात बलुतेदारीही होती. तिथेही पैसा नव्हता आणि देवघेव होती. मात्र कोणी काय काम करायचे आणि त्याच्या पदरात काय टाकायचे, हे जातीने ठरत होते. मोबदला मागण्याचा हक्क नव्हता, काम नाकारण्याचाही नव्हता. ज्या दिवशी दलिताच्या हाती रोख मजुरी आली, त्या दिवशी त्याला ते काम सोडून मुंबईच्या गिरणीची वाट धरता आली. रोख रुपयाला जात विचारता येत नाही, हा त्याचा गुण समाजवाद्यांनी विसरता कामा नये. पर्यायी अर्थव्यवस्था म्हणजे बलुत्याचे पुनरुज्जीवन नव्हे. काम नाकारण्याचा, रोख मागण्याचा आणि व्यवस्थेतून बाहेर पडण्याचा हक्क ज्या योजनेत नाही, ती कितीही गोड भाषेत मांडली तरी मागे नेणारी आहे.

जिल्ह्यातील तीन धडे

मग आधार कशाचा घ्यायचा? सुदैवाने त्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

पहिला धडा चरीचा. पेणच्या शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली खोतांची जमीन कसणे थांबवले. संप सहा वर्षे चालला. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कूळ कायद्यामागे या संपाचा रेटा होता. त्या सहा वर्षांत माणसे जगली ती जंगलातला लाकूडफाटा आणि खाडीतली मासळी यांवर, आणि एकमेकांच्या आधारावर. त्या आधाराला कोणी पर्यायी अर्थव्यवस्था असे भारदस्त नाव दिले नव्हते. पण लढा चालू ठेवण्यासाठी पोटाची व्यवस्था लागते, आणि पोटाची व्यवस्था टिकवायची तर लढ्याचे उद्दिष्ट लागते, हे चरीने दाखवले.

दुसरा धडा कर्जत तालुक्याचा. कशेळे येथील अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी पाड्यांवर धान्य बँका उभ्या केल्या. सावकाराकडून सवाई-दिढीने भात घेण्याऐवजी पाड्याच्या कोठीतून पावसाळ्यात भात घ्यायचे आणि सुगीनंतर थोड्या वाढीसह परत भरायचे. वाढीचे भात कोठीतच राहते आणि पुढच्या वर्षी साठा मोठा होतो. पुढे केंद्र सरकारनेही १९९६-९७ साली ग्रामधान्य बँकांची योजना आणली. या कोठीतला भाताचा दाणा हेच खरे स्थानिक चलन होय. त्याची बनावट नोट निघत नाही, त्याचे मोल सर्वांना कळते, आणि कोठी रिकामी की भरलेली हे निरक्षर बाईलाही डोळ्यांनी दिसते.

तिसरा धडा रोह्याचा. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० साली रोह्यात झाला. त्यांच्या स्वाध्याय परिवाराने योगेश्वर कृषी आणि मत्स्यगंधा हे उपक्रम चालवले. शेत किंवा होडी कोणा एकाची नाही, माणसांनी पाळीपाळीने श्रम द्यायचे, आणि उत्पन्न गरजूंसाठी वापरायचे. त्यामागची भक्तीची भूमिका सर्वांना मान्य होईल असे नाही. गरजूला मिळते ते प्रसाद म्हणून, हक्क म्हणून नव्हे, ही समाजवाद्यांची हरकतही रास्त आहे. पण सामान्य शेतकरी आणि कोळी पाळी लावून सामुदायिक काम शिस्तीने करतात, हे त्यातून सिद्ध झाले. ती शिस्त हक्काच्या पायावर उभी करणे हे काम आपले आहे.

कामाचा क्रम

या सर्वांतून कामाचा क्रम निघतो. पहिली पायरी धान्यकोठीची. रोहा आणि पेण तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातील कातकरी व ठाकूर वाड्यांवर सुगीत भात जमा करून आषाढात वाटण्याची सोय झाली, तर मुकादमाच्या उचलीची गरज तेवढ्या प्रमाणात कमी होईल. एका घराची जरी उचल टळली, तरी ते घर पुढच्या हंगामात मजुरीचा भाव बोलू शकते. रेशनचे धान्य आणि खावटी मिळवून देण्याचे काम याच्या जोडीने चालले पाहिजे; कोठी हा सरकारी जबाबदारीला पर्याय नव्हे.

दुसरी पायरी वहीची. समजा, पेणमधील एका बचत गटातील बाईने पाचशे रुपयांचे पापड आणि पोहे एका वाण्याला दिले. वाण्याने रोख न देता तिच्या नावावर पाचशे जमा केले आणि स्वतःच्या नावे टाकले. त्या पाचशांतून तिने शिंप्याकडून मुलांचे गणवेश शिवून घेतले. शिंप्याने त्यातून खारपट्ट्यातील शेतकऱ्याचा तांदूळ घेतला. शेतकऱ्याने तेवढ्या रकमेचा किराणा त्याच वाण्याकडून नेला. फेरा पूर्ण झाला, सर्वांची खाती सारखी झाली, आणि मध्ये एकही नोट लागली नाही. या वहीत सर्वांच्या जमेची आणि सर्वांच्या नाव्याची बेरीज नेहमी सारखी असते, म्हणून हवेतून पैसा निर्माण होण्याचा संभव नाही. इथे नोट नाही, ठेव नाही, व्याज नाही. आहे ती नोंदलेली उधारी. गावात उधारी आजही चालतेच. फरक इतकाच, की ती एका वाण्याच्या वहीत बंद न राहता सर्वांच्या वहीत उघडी होते.

अशा वहीचे नियम थोडे पण कडक असावेत. मोजमाप रुपयातच ठेवावे, म्हणजे फसवणुकीला वाव राहत नाही. प्रत्येक खात्याच्या नाव्याला मर्यादा असावी, तशीच जमेलाही असावी; कारण जो नुसता जमवत जातो आणि खर्च करत नाही तोही फेरा अडवतो. मर्यादा आरंभी दोन हजारांची पुरे. रोख ठेव कोणाकडूनही घेऊ नये. नवरा-बायकोची खाती वेगळी असावीत, नाही तर बाईचे श्रम पुरुषाच्या नावावर जमा होतील. मजुराची मजुरी या वहीतून कधीही देऊ नये. ती रोखच असली पाहिजे. वही लिहिणारा दर सहा महिन्यांनी बदलावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, महिन्यातून एकदा सर्व सभासदांपुढे प्रत्येक खाते मोठ्याने वाचून दाखवावे. ज्याला आपले खाते चारचौघांत वाचलेले नको असेल त्याने या वहीत येऊ नये.

तिसरी पायरी कुपनाची, आणि ती घाईने गाठण्याचे कारण नाही. दोन सुग्या कोठी नीट भरली आणि दोन वर्षे वही एकदाही न चुकता वाचली गेली, तर सभासदांच्या दुकानांपुरती, मर्यादित संख्येची, ठरलेल्या मालावर वटणारी कुपने काढण्याचा विचार कायद्याच्या जाणकारांच्या सल्ल्याने करता येईल. ज्या संघटनेला पन्नास घरांची वही वेळेवर वाचता येत नाही, तिने पाच हजार घरांची नोट छापण्याची भाषा करू नये.

मर्यादा आणि लढा

या योजनेने काय होणार नाही, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. भावनगरची माती वहीवर मिळणार नाही. विजेचे बिल, एस.टी.चे तिकीट, दवाखान्याचा खर्च, खत, हे सारे रुपयातच द्यावे लागेल. घरखर्चाचा जो भाग गावातल्या गावात भागतो, तेवढ्यापुरतीच वही चालेल, आणि तो भाग आज लहान आहे. तो वाढवायचा तर गावात काय पिकते आणि काय बनते, याचाच विचार करावा लागेल. चलनाचा प्रश्न शेवटी उत्पादनाच्या प्रश्नापाशी येऊन ठेपतो.

तसेच धाटावच्या सांडपाण्याचा, भट्टीवरच्या वेठीचा, वनजमिनीच्या दाव्यांचा, आणि बुडालेल्या ठेवींचा प्रश्न वहीने सुटत नाही. त्यासाठी मोर्चा, सत्याग्रह, न्यायालय आणि मतपेटी हीच साधने आहेत. विधायक काम आणि लढा यांत निवड करावी लागते, ही समजूत मुळातच चुकीची आहे. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्राविषयी मतदान केले, तेव्हा आपल्या जमिनीचा निर्णय आपण करू शकतो, हे त्यांनी देशाला दाखवले. जमिनीविषयी जे मत देऊ शकतात, ते हिशेबाविषयीही प्रश्न विचारू शकतात. त्यांना तशी सवय लावण्याचे काम कोणी केले नाही, एवढेच.

म्हणून साथींनो, पुढच्या बैठकीला नोटेचे चित्र घेऊन येऊ नका. एका वाडीतील वीस घरांना पावसाळ्याच्या चार महिन्यांत किती भात लागतो, त्यांतील किती घरांनी यंदा उचल घेतली, कोणाकडून आणि किती, याची यादी घेऊन या. त्या घरांतील एका मुलीला जमा आणि नावे हे दोन रकाने मांडायला शिकवा. मुकादमाच्या वहीसमोर तिची वही उभी राहील, तेव्हा पर्यायी अर्थव्यवस्थेचा आरंभ झाला असे म्हणता येईल.